पाच जणांची टीम पहिल्यांदाच पायकॉनला: एकत्र काम कसं करायचं आणि तीन दिवस तरतरीत कसं राहायचं?

सांजवारा

नमस्कार मंडळी. परिषदांना जाऊन आलेल्यांकडून सल्ला हवा आहे.

आमची पुण्यातली लहानशी कंपनी. मालवाहतूकदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, सगळं जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या खुल्या सांगाड्यावर. सप्टेंबरात आम्ही पाच जण बंगळुरूला पायकॉन इंडियाला, पायथन वापरणाऱ्यांच्या परिषदेला, चाललोय. मुख्य परिषदेचे दोन दिवस आणि नंतरचा डेव्हस्प्रिंटचा (एकत्र बसून खुल्या प्रकल्पांचा कोड लिहायचा) एक, असे तीन दिवस थांबणार. पाचांत दोन मुलं गेल्याच वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेली, एक फ्रंटएंडवाला (स्क्रीनवर दिसतं ते बनवणारा), टेस्टिंग सांभाळणाऱ्या आमच्या ताई, आणि मी.

मागच्या नोकरीत अशाच एका परिषदेला आम्ही आठ जण गेलो होतो. आठही जण दोन दिवस एकाच रांगेत बसलो, एकत्र जेवलो, एकत्र हॉटेलवर परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मे पेंगत होते. परत आल्यावर वरिष्ठांनी प्रत्येकाकडून प्रत्येक सेशनचा दोन पानी अहवाल मागितला. सगळ्यांनी तेच तेच लिहून दिलं आणि ते कोणी वाचलं नाही. एका नव्या माणसाशी ओळख झाली नाही. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि हाती काही नाही, याची हळहळ अजून आहे. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

तर पाच जणांनी तिथे टीम म्हणून नेमकं काय करावं? आणि शरीराचं काय करावं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत गार हॉलमध्ये खुर्चीत बसून माणूस आंबून जातो.

मुळामुठा

दुपारी एकत्र जेवायला बसू नका. इथूनच सुरुवात करा. न्याहारी एकत्र, रात्रीचं जेवण एकत्र, मधला सगळा वेळ पांगापांग. एकाच ऑफिसचे पाच जण टेबलाभोवती बसले की सहाव्याला वाटतं, हे यांचं घरचं कार्य दिसतंय, आपण कशाला मध्ये जा.

एरिक होल्शर यांनी यालाच धरून पॅकमॅनचा नियम सांगितलाय. घोळक्यात उभं राहून बोलताना एका माणसाची जागा कायम मोकळी ठेवायची, पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेममधल्या गोल पात्राच्या उघड्या तोंडासारखी. कोणी येऊन ती भरली की सगळ्यांनी जरा सरकून पुन्हा एक जागा करायची. करून बघा, फार फरक पडतो. लाजरी माणसं त्या फटीतूनच आत येतात.

२०११ साली पुण्याची चंगळ होती. सप्टेंबरात पायकॉन इंडिया पुण्यात, नोव्हेंबरात सीओईपी कॉलेजात फेडोरा या लिनक्स प्रणालीवाल्यांची फुडकॉन परिषद. फुडकॉनमधलं एकही भाषण मला आज धड आठवत नाही. पण जिन्याच्या पायरीवर बसून भाषांतराचं काम करणाऱ्या एकाने मला 'कऱ्हाड'मधला र समजावून दिला होता, तो लख्ख आठवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, खाली नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह, असं दिलं की तो पापणीसारखा आडवा र उमटतो. साधा र घेतला तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि कऱ्हाडचं 'कर्हाड' होतं. आमच्या बिलांवर कऱ्हाडच्या गिऱ्हाइकांचे पत्ते वर्षभर चुकीचे छापले जात होते, आणि गिऱ्हाईक हा शब्दसुद्धा! तो माणूस मला भेटला कारण माझे सहकारी आत हॉलमध्ये होते आणि मी एकटा बाहेर बसलो होतो.

चाफा

+१ मुळामुठा. त्यात भर: बॅजवर नावाखाली कंपनीचं नाव लिहू नका, काय करता ते पेनाने मोठ्या अक्षरात लिहा. 'ट्रकभाड्याचे हिशेब, जँगो' असं वाचून लोक स्वतःहून थांबतात.

पावसाळी_ब्रसेल्स

आमच्याकडचा अनुभव सांगते, कारण प्रश्न तोच आहे, फक्त आकार मोठा.

ब्रसेल्सला यूएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश आवारात दर वर्षी हिवाळ्यात, जानेवारी संपता-फेब्रुवारी लागता, एका शनिवार-रविवारी खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांची फॉसडेम परिषद भरते. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, हजारो माणसं येतात. एकेका विषयाची एकेक खोली, तिला डेव्हरूम म्हणतात. खोली भरली की दारावर 'फुल' असा कागद लागतो, मग आत सोडत नाहीत. पहिल्या वर्षी आम्ही सहा जण वेळापत्रकावर खुणा करून या इमारतीतून त्या इमारतीत धावत होतो आणि दर वेळी त्या कागदासमोर उभे राहत होतो. थंडी, वर पाऊस.

दुसऱ्या वर्षापासून एकाने एक डेव्हरूम अर्ध्या दिवसासाठी धरायची असं ठरवलं. एकदा आत बसलं की उठायची घाई नाही, शेजारचे तेच चेहरे चार तास दिसतात, आणि तिसऱ्या भाषणापर्यंत बोलणं सुरू झालेलंच असतं. सहा जणांचं मिळून एक सामायिक टिपणपान ठेवलं. स्लाइडवरचं काहीही उतरवायचं नाही असा कडक नियम केला, कारण फॉसडेमची भाषणं रेकॉर्ड होऊन नंतर सगळ्यांसाठी खुली होतात. पानावर दोनच गोष्टी यायच्या: आपल्या कोणत्या कामाला हे लागू पडतं, आणि आपल्यातल्या कोणी कोणाला गाठायला हवं. 'तू शोधत होतीस तो माणूस आता आमच्या खोलीत तिसऱ्या रांगेत बसलाय', ही एक ओळ मला कुठल्याही सारांशापेक्षा मोलाची वाटते. टीम असण्याचा खरा फायदा हा, की तुमच्या वतीने एकाच वेळी पाच ठिकाणी कान असतात.

आणखी एक. रविवारी संध्याकाळी आवार आवरायला आयोजकांना हात हवे असतात. थांबा तिथे. माझ्या सर्वांत टिकलेल्या ओळखी कचऱ्याच्या पिशव्या उचलताना झाल्या.

भारतातून येणाऱ्यांसाठी: हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, त्यामुळे पहाटे तीनलाच जाग येते आणि संध्याकाळी सातला झोप. आल्या दिवशी संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर चालत राहा, खोलीवर जाऊन आडवं होऊ नका. एक दिवस आधी आलात तर शनिवार हाती लागतो.

अबोल_प्रवासी

सांजवाराताई, एक विनंती. तुमच्या त्या दोन नव्या मुलांपैकी एखादा माझ्यासारखा असेल तर त्याला 'जा, लोकांमध्ये मिसळ' असं सांगून सोडून देऊ नका. मला हे पहिल्या नोकरीत सांगितलं गेलं होतं आणि मी दीड दिवस चार्जिंगच्या प्लगजवळ भिंतीला टेकून काढला. मला येत नव्हतं असं नाही, बोलायला निमित्त नव्हतं.

ते निमित्त मला २०२३ साली कोचीत मिळालं. डेबियन या खुल्या संगणक प्रणालीची जागतिक परिषद, डेबकॉन, त्या वर्षी पहिल्यांदा भारतात भरली. तिथली भाषणं चित्रित करून थेट दाखवण्याचं काम स्वयंसेवक करतात: कोणी कॅमेऱ्यावर, कोणी आवाजावर, कोणी कुठलं दृश्य जाऊ द्यायचं ते ठरवणारा. आधी थोडं प्रशिक्षण देतात, आधीचा अनुभव लागत नाही. मी कॅमेऱ्याच्या पाळ्या घेतल्या. हातात काम आल्यावर बोलणं आपोआप आलं, कारण ते कामाचंच बोलणं होतं. आवाज सांभाळणारा सांगतो माइक बदलायचाय, मी सांगतो वक्ता चौकटीबाहेर चाललाय. रात्री जेवताना तेच लोक माझ्या टेबलावर होते.

आपल्याकडच्या परिषदाही स्वयंसेवकांवरच उभ्या असतात. नोंदणीचं टेबल, मार्गदर्शन, माइक फिरवणं. आधी विचारून ठेवा.

सांजवारा

अबोल_प्रवासी, मनापासून आभार. आमच्यातला एक अगदी असाच आहे. हा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. त्याने लगेच विचारलं, 'माइक फिरवायला मिळेल का?'

डोंगरवेडा

शरीराबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी.

हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये ओपन स्पेस ही बैठकीची पद्धत सुरू केली. आधीच्या एका मोठ्या परिषदेत सर्वांत चांगला भाग चहाच्या सुट्टीचा होता असं त्यांच्या लक्षात आलं, तिथून ही कल्पना निघाली. त्यात दोन पायांचा नियम आहे: जिथे तुम्ही काही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जा. भाषण अर्ध्यावर सोडणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. म्हणून कडेची खुर्ची धरा, मागची रांग धरा, कोणाला त्रास न होता उठता येतं. मी तर दर दुसरं भाषण मागे भिंतीपाशी उभं राहून ऐकतो. उभ्या माणसाला पेंग येत नाही.

सेशनचे सगळे रकाने भरू नका. सकाळी एक आणि दुपारी एक असा रकाना मुद्दाम रिकामा ठेवा आणि त्या वेळात चाला. कोणाशी तांत्रिक बोलायचं असेल तर 'बसू या का' ऐवजी 'एक फेरी मारू या का' म्हणा. अनोळखी माणसाशी समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालत बोलणं सोपं जातं, मधल्या शांततेचं ओझं होत नाही. जेवण अर्धं ठेवा, भात शेवटी आणि थोडा. पाण्याची बाटली लहान घ्या, म्हणजे भरायला दर तासाला उठावं लागेल.

आणि रात्रीच्या बसने पोचून थेट नोंदणीच्या रांगेत उभे राहू नका. मी हे तीनदा केलंय, तिन्ही वेळा पहिला दिवस वाया गेला. उद्यान एक्स्प्रेसने आदल्या दिवशी पोचा, नीट झोपा.

सकाळी बंगळुरूच्या लालबागेत जा. २४० एकरांची बाग आहे आणि आत जो मोठा खडक आहे तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटींचा, त्यामुळे माझ्यासारख्याला त्या खडकावर पाय ठेवताना खरंच शहारा येतो. अमेरिकेतल्या पायकॉनला काही वर्षं सकाळची पाच किलोमीटरची दौड असायची. तुम्ही टीममध्ये आदल्या दिवशी जाहीर करा, 'सकाळी साडेसहाला बागेच्या दाराशी, ज्याला यायचं त्याने यावं', आणि ते परिषदेच्या गटावरही टाका.

निशिगंध

डोंगरवेडा यांच्या सकाळच्या फेरीला माझा जोरदार पाठिंबा, वेगळ्या कारणाने.

परिषदेतल्या ओळखी रात्रीच्या पार्टीत होतात असं सगळे म्हणतात. मी एका परिषदेत रात्री अकराला अशा ठिकाणी होते जिथून परतायचं कसं हे मला कळत नव्हतं, आणि माझ्या टीममधले सगळे आधीच निघून गेले होते. कोणी वाईट वागलं नाही, पण तो परतीचा प्रवास मी विसरले नाही. त्यानंतर मी संध्याकाळच्या कार्यक्रमांना जाणंच सोडलं आणि दोन वर्षं मला वाटत राहिलं की माझंच काहीतरी हुकतंय.

सकाळच्या फेरीला सगळ्यांना येता येतं. न पिणाऱ्यांना, लवकर झोपणाऱ्यांना, लहान मूल घरी ठेवून आलेल्यांना.

सांजवाराताई, रात्री कोणी बाहेर थांबणार असेल तर परत कोणाबरोबर येणार हे निघतानाच ठरवा. परिषदेची आचारसंहिता आणि तक्रारीचा नंबर टीममध्ये वाचून दाखवा, विशेषतः नव्या मुलांना. पाच मिनिटांचं काम आहे.

ताळेबंद

माझी बाजू थोडी वेगळी आहे. मी खर्च मंजूर करणाऱ्या बाजूला बसतो. पाच जणांचा प्रवास, राहणं, तिकिटं आणि तीन दिवसांचं बंद काम, हे लहान कंपनीला जड असतं. 'ओळखी झाल्या' एवढ्यावर पुढच्या वर्षी मंजुरी मिळत नाही. अहवाल वाईट असतील, पण काहीतरी परत यायलाच हवं.

कमिट_कर

ताळेबंद साहेबांचा मुद्दा मला पटतो, आणि त्याचं उत्तर डेव्हस्प्रिंट आहे. टीमने परिषदेला जाताना पूर्ण करायचं एक काम सोबत न्यावं, भाषणं त्यानंतर. जून १९९९ मध्ये ओपनबीएसडी या खुल्या संगणक प्रणालीची दहा माणसं कॅलगरीत एकत्र बसून काम करायला जमली होती. शेजारी बसून कोड लिहिला की महिन्याभराचा पत्रव्यवहार एका दुपारी मिटतो, हे तेव्हाइतकंच आजही खरं आहे. अमेरिकेतल्या पायकॉनला भाषणं संपल्यावर काही दिवस स्प्रिंट असतात.

तुम्ही जँगोवर काम करता ना? मग जँगोच्याच एखाद्या तिकिटावर, म्हणजे नोंदवलेल्या चुकीवर किंवा सुधारणेवर, काम करा. जँगोच्या ट्रॅकवर, म्हणजे या तिकिटांच्या ऑनलाइन नोंदवहीत, 'इझी पिकिंग्ज' अशी खूण असलेली तिकिटं असतात, नव्यांसाठी. त्यातली दोन-तीन महिनाभर आधी वाचून ठेवा, कोणी आधीच घेतलंय का ते पाहा.

स्प्रिंटचा अर्धा दिवस कशात जातो सांगू? रिपो, म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड, उतरवण्यात. दोनशे लोक एकाच वायफायवर एकाच वेळी क्लोन करत असतात. म्हणून घरूनच रिपो क्लोन करून आणा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरती पायथनची वेगळी जागा) बनवा, चाचण्यांच्या गरजा इन्स्टॉल करा आणि टेस्ट्स डिरेक्टरीतला रनटेस्ट्स हा सगळ्या चाचण्या चालवणारा प्रोग्रॅम एकदा पूर्ण चालवा. तो एसक्यूलाइट या लहानशा डेटाबेसवर तसाच चालतो, वेगळा डेटाबेस लागत नाही. पाचही लॅपटॉपवर हे पुण्यात झालं पाहिजे.

मग बसायचं कसं? पाच जणांनी पाच तिकिटं घेऊ नका, एकही पूर्ण होणार नाही. दोन गट करा. तुमच्या टेस्टिंगच्या ताई तर सोनं आहेत. जँगोत टेस्टशिवाय पॅच (कोडमधला बदल) आत जात नाही, आणि बहुतेक नवे लोक तिथेच अडतात. ताईंनी आधी नापास होणारी टेस्ट लिहायची, बग सिद्ध करायचा, मग शेजारच्याने दुरुस्ती. ज्याला पायथन कमी येतं त्याने डॉक्युमेंटेशन घ्यायचं, तोही पॅचचा भागच असतो. कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ घालून सगळ्यांची नावं द्या. नव्या मुलाला आपलं नाव तिथे दिसणं काय असतं ते मी पाहिलंय.

त्या दिवशी पॅच आत जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. तपासणीला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. पण पुल रिक्वेस्ट (आपला बदल आत घ्या अशी विनंती) निघाली की ती दाखवता येते. दोन पानी अहवालापेक्षा ती भारी, ताळेबंद साहेब.

ताळेबंद

हे मला चालेल. अशा अर्जावर मी सही करीन. 'कोणत्या तिकिटावर काम करणार' ही ओळ अर्जातच असावी.

बोरीबंदर

कमिट_कर यांच्या डॉक्युमेंटेशनच्या मुद्द्याला जोडून. २०२३ साली बँकॉकला वर्डप्रेसवाल्यांच्या पहिल्या वर्डकॅम्प आशिया परिषदेला गेलो होतो. तिथे एक पूर्ण दिवस फक्त योगदानाचा असतो, विषयवार टेबलं मांडतात. मी भाषांतराच्या टेबलावर बसलो. 'सेव्ह'ला 'जतन करा' की 'साठवा' यावर वाद घालायला समोर जिवंत माणूस असणं हा वेगळाच आनंद आहे. जँगोचं मराठी भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं. तुमच्यातल्या कोणाला कोडची भीती वाटत असेल तर हा दरवाजाही उघडा आहे.

सांजवारा

सगळे प्रतिसाद छापून भिंतीवर लावलेत. ठरलंय ते असं: उद्यान एक्स्प्रेसने आदल्या दिवशी. दुपारी पांगायचं, रात्री नऊला पंधरा मिनिटं एकत्र, सामायिक टिपणपानावरच्या ओळी वाचायच्या आणि झोपायचं. जँगोची तीन तिकिटं निवडून ठेवली आहेत. ताई रोज संध्याकाळी अर्धा तास थांबून जँगोच्या टेस्ट वाचतायत. बावीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचं स्वयंपाकघर बघायला मिळतंय, म्हणाल्या.

सांजवारा

काल रात्री परतलो. आल्या आल्या लिहितेय.

पांगापांग पहिल्या दिवशी जमली नाही. दुपारच्या जेवणाला आम्ही नकळत पुन्हा एकाच टेबलाशी आलो. फ्रंटएंडवाल्याच्या लक्षात आलं, तो ताट घेऊन उठला आणि शेजारच्या टेबलावर जागा मागून बसला. मग एकेक करून सगळे उठले. दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं नाही.

आमचा अबोल मुलगा दोन्ही दिवस माइक घेऊन हॉलभर फिरला. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या बैठकीत सगळ्यांत जास्त ओळी त्याच्या होत्या.

लालबागेत पहिल्या सकाळी आम्ही तिघंच होतो, दुसऱ्या सकाळी अकरा. खडकावर उभं राहून कोचीच्या एका मुलीने आम्हाला डेटाबेसच्या इंडेक्सबद्दल जे सांगितलं ते सोमवारी ऑफिसात करून बघणार आहोत. निशिगंध, त्या अकरांत सहा बायका होत्या.

स्प्रिंटला एका तिकिटावरचं काम पूर्ण झालं. दुसऱ्यावर ताईंनी टेस्ट लिहिली तेव्हा कळलं की तिकिटात लिहिलेला बग आता होतच नाही, मधल्या एका बदलात तो आपोआप गेलाय. मला वाईट वाटलं, दिवस फुकट गेला म्हणून. पण आमच्या टेबलाशी मदत करणाऱ्या अनुभवी बाईंनी सांगितलं की हे शोधून तिकिटावर पुराव्यासकट नोंदवणं हेही तितकंच गरजेचं काम आहे. ताईंनी तिथेच बसून ती टिप्पणी तीनदा लिहून पाठवली, इंग्रजी बरोबर आहे का हे मला दोनदा दाखवून. तिसरं तिकीट उघडलंच नाही.

पुल रिक्वेस्टवर आज सकाळी पहिली प्रतिक्रिया आली आहे: एक टेस्ट वेगळी करा आणि रिलीज नोटमध्ये (नव्या आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) एक ओळ घाला. दोन्ही मुलं आत्ता तेच करतायत.

कमिट_कर

रिलीज नोटमधलं वाक्य लहान ठेवायला सांगा, आणि आधीच्या नोंदी ज्या घडणीत लिहिल्या आहेत तशीच घडण ठेवा. अडलं तर इथेच विचारा, मी रात्री दहापर्यंत आहे.